होकाराआधीचा मलिदा

"होकार आला?" आईने विचारलं.

"नाही," असं म्हणून बाबांनी नारळ फोडला.

आई भांडी घासत होती, ती राखेने बरबटलेल्या हातांनी तशीच मागच्या दारात येऊन उभी राहिली. चुलीजवळ परातीत पोहे भिजत होते. शेजारी गूळ, वेलची, केळी, खजूर आणि सफरचंदं. सफरचंदं खास अलिबागहून आणली होती, म्हणजे मामला गंभीर होता.

"मग हे काय चाललंय?"

"मलिदा."

"कशाचा?"

"सिपूच्या लग्नाचा."

सिपू म्हणजे मी, सिपोरा. खिडकीपाशी बसून तांदूळ निवडत होते. माझ्या लग्नाची बातमी मला अशी कळली.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले शनिवार पाळणारे ज्यू. आमच्यात मनासारखं काही झालं, म्हणजे मूल झालं, दुखणं बरं झालं, सोयरीक जमली, की एलियाहू नबीचं नाव घेऊन देवाचे आभार मानायला मलिदा करतात. गोड पोह्यांचा ढीग, त्यावर फळं. आपली माणसं बोलवायची, प्रार्थना म्हणायची, फळाफळावर आशीर्वाद म्हणायचा आणि मग सगळ्यांनी खायचं. मलिदा केला म्हणजे काम फत्ते झालं, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काम होण्याआधी माणूस फार तर नवस बोलतो. आधी मलिदा कोणी करत नाही.

"अहो, पनवेलचे रोहेकर मुलगी बघून गेलेत फक्त," आई म्हणाली. "सात करंज्या खाऊन 'कळवतो' म्हणालेत. आधीचे पाचही 'कळवतो'च म्हणाले होते."

"होकार आल्यावर आभार मानणं हा व्यवहार झाला," बाबा नारळ खवत म्हणाले. "यायच्या आधी मानणं, तो भरवसा."

आईने कपाळाला हात लावला आणि कपाळावर राखेची पाच बोटं उमटली.

ह्या सगळ्याच्या मुळाशी होते मुंबईचे रूबेन मास्तर. दोन आठवड्यांपूर्वी ते आमच्या सिनेगॉगमध्ये बोलायला आले होते. देव आहे असं मानणं वेगळं, मास्तर म्हणाले, आणि आपलं ओझं त्याच्यावर टाकून मोकळं होणं वेगळं; त्याला हिब्रूत 'बिट्टाहोन' म्हणतात. त्यांनी रानातल्या मान्न्याची गोष्ट सांगितली. मोशेबरोबर चाळीस वर्षं रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांसाठी देव रोज आकाशातून मान्ना, म्हणजे अन्न, पाडायचा, पण उद्यासाठी साठवायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. ज्यांनी भरवसा न ठेवता साठवला त्यांच्या मान्न्यात सकाळी किडे झाले.

माझे वडील हस्केलमिस्त्री हे सुतार. लाकूड तीनदा मापल्याशिवाय त्याला करवत न लावणारा माणूस. पण त्या दिवशी घरी आले ते थेट स्वयंपाकघरात शिरले आणि म्हणाले, ह्यापुढे लोणची, पापड, सांडगे काही साठवायचं नाही.

आईने शांतपणे बरणीचं फडकं घट्ट बांधलं. "चाळीस वर्षं रानात मोशेच्या बायकोकडे कधी पाहुणे आले असतील असं मला वाटत नाही," ती म्हणाली.

लोणच्याचा विषय तिथेच मिटला. भरवशासाठी बाबांना दुसरं काहीतरी हवं होतं, तेवढ्यात पनवेलचे रोहेकर मला बघून गेले.

इथे मला बाबांच्या रुसण्याबद्दल सांगायला हवं. माझी पाच स्थळं मोडली होती. मी चोवीस वर्षांची, उंच, सावळी आणि विचारलेल्याचं सरळ उत्तर देणारी. यातलं कोणतं जास्त आड आलं ते कोणी सांगितलं नाही. प्रत्येक नकाराला आई एकदा रडायची आणि कामाला लागायची. बाबा मात्र देवावर रुसायचे. अगदी नवराबायकोत असतो तसा अबोला धरायचे. अंगणात उभं राहून, वर बोट करून दोन-चार शब्द सुनावायचे आणि शनिवारी सिनेगॉगला जायचं बंद करायचे.

कोणी दुसरा रुसला असता तर बिघडलं नसतं. पण आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर पेटीतला तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, बाहेर काढून वाचता येत नाही. आणि आमच्या गावात, अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या त्या आठ घरांत, मोजून दहा पुरुष उरले होते. बाबा दहावे. पाचव्या नकारानंतर ते पाच शनिवार गेले नाहीत, तेव्हा आमच्या हज्जानांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या शेलूकाकांना, रेवदंड्याहून एक म्हातारा शुक्रवारीच आणून घरी मुक्कामाला ठेवावा लागला. शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारी, प्रवास चालत नाही ना. तो म्हातारा जेवायला खमका होता. शेलूकाकू एकदा विहिरीवर मला म्हणाल्या, "सिपू, बाय माझी, तुझं लग्न होऊ दे गो लवकर. माझ्या कोंबड्या संपत आल्या."

तर अख्ख्या गावाची भक्ती माझ्या लग्नावर अडलेली होती.

आणि मी? माझ्या ट्रंकेत तळाशी एक फॉर्म होता. मुंबईतल्या एका इस्पितळात नर्सिंगचं तीन वर्षांचं शिक्षण, राहणं-जेवण तिथेच. वर्षभर मी अलिबागच्या दवाखान्यात ड्रेसिंगला मदत करत होते. तिथल्या सिस्टरने तो आणून दिला होता. सगळं भरून झालं होतं. फक्त पालकाची संमती राहिली होती, आणि पोचवायला उरले होते दहा दिवस. माझा बेत साधा होता. पाच नकार आले तसा सहावा येईल. बाबा रुसतील, दमतील आणि दमल्यावर सही करतील. बाबा होकाराच्या भरवशावर होते, मी नकाराच्या. माझा भरवसा जास्त भक्कम होता, कारण त्याला पाच वेळचा अनुभव होता.

मलिदा गुरुवारी दुपारी झाला. सगळी आठ घरं आली. शेलूकाकांनी प्रार्थना म्हटली, बाबांनी डोळे मिटून इतक्या मोठ्याने 'आमेन' म्हटलं की परसातला कुत्रा भुंकायला लागला. मग बायकांत बसलेल्या दीनाबाई उठल्या. गावातली कोणतीही बातमी ह्या बाईंच्या हातून सुटली नव्हती, आणि खोटं बोलायचं नाही हा आमच्या बाबांचा बाणा.

"काय हो हस्केलभाऊ, पनवेलच्या रोहेकरांचं आलं का पत्र?"

"नाही."

"मग निरोप आला?"

"निरोप नाही, काही नाही."

"मग हा मलिदा कसला?"

"सिपूच्या लग्नाचा," बाबा म्हणाले आणि त्यांच्या द्रोणात आणखी एक मूठ मलिदा घातला.

दीनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मलिद्याकडे पाहिलं. पनवेलचं उत्तर नाही, तरी लग्नाचा मलिदा आहे. त्यांचा हिशेब अगदी सरळ होता. म्हणजे दुसरं स्थळ पक्कं झालं!

"लपवून ठेवलंस हां गो," जाताना माझा गालगुच्चा घेऊन त्या म्हणाल्या.

"दीनाकाकी, तसं काही नाहीये."

"बरं बरं. नाहीये तर नाहीये," त्या म्हणाल्या आणि डोळा मिचकावला.

शुक्रवारी त्या शब्बाथसाठी लेकीकडे पनवेलला गेल्या.

रविवारी सकाळी अकराच्या एस.टी.तून रोहेकरबाई उतरल्या. मागून पिशव्या सांभाळत त्यांचा मुलगा मेनाशे. आमच्या दारात येऊन बाईंनी चौकटीवरच्या मेझुझाला, धर्मवचनाच्या डबीला, बोटं लावली, बोटांचं चुंबन घेतलं आणि आत पाऊल टाकायच्या आधीच सुरुवात केली.

"आम्ही काय नाही म्हटलं होतं?"

"'हो'ही नव्हतं म्हटलं," आई म्हणाली.

"विचार करायला आठ दिवस तर द्याल? इथे मुलगी बघून जातोय न जातोय तोच तुम्ही दुसरीकडे मलिदा करून मोकळे! काल सिनेगॉगात सगळ्यांसमोर मला कळलं. कोण आहे तो? ठाण्याचा आहे का?"

शेलूकाका आमच्या ओट्यावरच बसलेले होते. रविवारी ते सहज म्हणून यायचे आणि बाबांच्या तब्येतीपेक्षा मनःस्थितीची चौकशी करून जायचे. तेही उठून आत आले.

"कोणी नाही," बाबा म्हणाले.

"मग मलिदा कसला?"

"आभाराचा."

"आभार कसले?"

"तुम्ही हो म्हणाल त्याचे."

रोहेकरबाई थांबल्या. त्यांनी पदराने मान पुसली. मी आयुष्यात पुष्कळ माणसांची तोंडं वाचली, पण राग, मोठेपणा आणि पेचात सापडल्याची भावना इतक्या झटपट एका तोंडावरून जाताना फार थोड्या वेळा बघितली.

"आमच्यावर एवढा भरवसा ठेवलात?"

"तुमच्यावर नाही," बाबा वर बोट दाखवून म्हणाले. "त्याच्यावर."

ह्याचा बाईंना राग यायला हवा होता. पण त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "मेन्या," त्या म्हणाल्या, "पिशवी दे इकडे." पिशवीतून हिरवी साडी निघाली, पेढ्यांचा पुडा निघाला. "खरं सांगते, आमच्या मनात आणखी दोन मुली होत्या. पण तुमची दुसरीकडे गेली असं कळलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हटलं, आपल्या हातची गेली. घ्या, आमचा होकार आहे!"

शेलूकाकांनी टाळी वाजवली. टाळी वाजवणारा हज्जान मी त्याआधी पाहिला नव्हता.

बाबा भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्या तोंडावर असं काही पसरलं की मला बघवेना. पाच वेळा तो माणूस माझ्यासाठी जगाशी आणि देवाशी भांडला होता. मी त्यांची एकुलती एक. माझ्यावर त्यांचा फार जीव होता आणि माझा त्यांच्यावर. वाटलं, गप्प बसावं. साडी घ्यावी. फॉर्म चुलीत घालावा. मेनाशे काही वाईट नव्हता. बघायला आला तेव्हा मला त्याने एकच प्रश्न विचारला होता, की तुमच्याकडे रेडिओ कोणता आहे. रेडिओ नाही म्हटल्यावर त्याला खरोखर वाईट वाटलं होतं.

"फक्त एक," रोहेकरबाई साडी माझ्या खांद्यावर टाकत म्हणाल्या, "ते दवाखान्यात जाणंबिणं बंद हं. लोकांची गळवं फोडलेल्या हाताने आमच्यात कोणी वाढत नाही."

त्याच सकाळी मी एका कोळिणीच्या पायातली काच काढून आले होते. तिने जाताना माझे हात हातात घेतले होते.

मी साडी खांद्यावरून काढली, घडी केली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मला हे लग्न करायचं नाही."

"काय?" आई म्हणाली.

"मला नर्स व्हायचंय. फॉर्म भरलाय मी."

शेलूकाका हळूच खाली बसले. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं, ते पुरुष मोजत होते. रोहेकरबाईंना शब्द सापडायला थोडा वेळ लागला, पण सापडल्यावर मग भरपूर सापडले. उंची, रंग, वय, माझं बोलणं, सगळं आलं त्यात. माझं लक्ष मात्र बाबांकडे होतं. ते भिंतीपासून सुटे झाले आणि अंगणात गेले. त्यांच्या नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले, मान वर केली, बोट वर उचललं.

आम्ही सगळे दारातून बघत होतो. बाईसुद्धा बोलायच्या थांबल्या.

बाबांचं तोंड उघडलं. मग मिटलं. परत उघडलं. बोट हवेत तसंच राहिलं. शेवटी त्यांनी ते खाली घेतलं, त्याच हाताने डोकं खाजवलं आणि आत आले.

"बाई," ते रोहेकरबाईंना म्हणाले, "मुलगी नाही म्हणते. मला माफ करा. जेवून जा."

"जेवून जा?" बाई कडाडल्या. "मलिदा काय थट्टा म्हणून केलात?"

"नाही. मनापासून केला. तेच तर झालंय." बाबा पाटावर बसले. "गुरुवारी आठ घरांसमक्ष त्याचे आभार मानून बसलोय मी. आता त्याला बोलायला तोंड कुठे राहिलं मला?"

मेनाशेने घड्याळात पाहिलं. "आई," तो म्हणाला, "साडेबाराची गाडी मिळेल." त्याने साडी पिशवीत भरली. आईने पेढ्यांचा पुडा परत द्यायला पुढे केला तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या मावशी." आणि मला म्हणाला, "मुंबईला रेडिओ घ्या एक." पुढे त्याला उरणची मुलगी मिळाली, आणि तिच्या माहेरी दोन रेडिओ होते असं दीनाबाईंकडून कळलं.

ते गेले तरी शेलूकाका उठेनात. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"हस्केल, शनिवारी...?"

"येईन."

"नाही म्हणजे, तसं असेल तर मी रेवदंड्याला..."

"येईन म्हटलं ना शेल्या."

शेलूकाका जवळजवळ पळतच गेले. काकूंना सांगायचं असणार, कोंबड्या वाचल्या म्हणून.

दुपारी आई एकदा रडली आणि कामाला लागली. मी ट्रंकेतून फॉर्म काढून बाबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि एखाद्या फळीचा पोत बघावा तसा तो कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

"कधीपासून आहे हा तुझ्याकडे?"

"महिना झाला."

"मग बोलली का नाहीस?"

"सहावा नकार येणार अशी खात्री होती माझी."

बाबा चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे तुझासुद्धा भरवसा होता."

"होता. पण मी मलिदा नाही केला."

त्यांच्या मिशा हलल्या. हसले की काय ते कळलं नाही. "शनिवारी काम पडलं तर?"

"पडेल बाबा. जीव वाचवायला शनिवार मोडला तरी चालतो, असं रूबेन मास्तरच म्हणाले होते. तुम्ही मान्न्यातच अडकला होतात."

"हं." त्यांनी माझं पेन घेतलं. संमतीच्या रकान्यावर बराच वेळ हात धरून ठेवला. सही करायच्या आधी त्यांनी दोन शब्द लिहिले, सुतारी अक्षरात, ठसठशीत, रकान्याच्या बाहेर जाणारे. मी वाकून वाचले.

आभारी आहे.

"बाबा, इथे 'संमती आहे' एवढंच लिहायचं असतं. आणि आभार कसले? अजून त्यांनी मला घेतलं कुठेय?"

"म्हणूनच," बाबा म्हणाले. त्यांनी शांतपणे सही केली, पेनाला टोपण लावलं. "उद्या नाही घेतलं तर माझ्या तोंडून आभार निघायचे नाहीत. पाच वेळा बघितलंयस तू मला."

मी कागद घ्यायला हात पुढे केला, पण बाबांनी तो सोडला नाही.

"मलिदा काय, मला होकाराची खात्री होती म्हणून केला असं वाटलं तुला? खात्री कसली सिपू! सहावा नकार आला असता तर मी परत कधी सिनेगॉगची पायरी चढलो नसतो. मला माहीत आहे मी कसा आहे तो. म्हणून तोंडात चांगला शब्द होता तोवरच म्हणून घेतला."

फॉर्मवर शाई अजून ओली होती. बाबांनी वाकून तिच्यावर फुंकर घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्यांनी लिहिलेलं मी काही खोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या टपालात तो तसाच टाकला.